अमेरिकन चासी, युरोपियन बॉडी: अनोळखी जुनी गाडी ओळखायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नात्यातले एक गृहस्थ दुसऱ्या महायुद्धाच्या आधी काही काळ स्वित्झर्लंडमध्ये होते. त्यांच्या कागदांत एका उघड्या टपाच्या, दोन दारांच्या गाडीचे दोन फोटो सापडले. एक बाजूने काढलेला, दुसरा पुढून जरा तिरका. पुढची जाळी पॅकार्डसारखी वाटते, पण पॅकार्डच्या कुठल्याच कॅटलॉगमध्ये ही बॉडी नाही. एकाने फ्रेंच देलाए सांगितलं, दुसऱ्याने छातीठोकपणे अमेरिकन ड्युसेनबर्ग. मग गाडी कुठली, आणि बॉडी कुणाची?

अर्धा निकाल आत्ताच देतो: ड्युसेनबर्ग नाही, देलाए तर नाहीच. फोटोंकडे शेवटी येतो, कारण त्यात काय बघायचं हे कळल्याशिवाय माझं उत्तरही तुम्हाला तिसऱ्या माणसाच्या अंदाजासारखंच वाटेल.

अशा गाडीत दोन वेगवेगळे प्रश्न असतात, खाली काय आहे (चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं) आणि वर काय आहे (बॉडी). बहुतेक जण वरून सुरुवात करतात. मडगार्डचा बाक दिसला, क्रोमची पट्टी दिसली, की पॅरिसच्या नामांकित बॉडीवाल्याचं नाव, ‘फिगोनी!’, घेऊन मोकळे. त्या वळणाची मडगार्डं तेव्हा युरोपभर ठोकली जात होती. एकाने पॅरिसच्या प्रदर्शनात नवं काही मांडलं की पुढच्या हंगामात ते दहा जणांकडे दिसायचं. चासीची अशी नक्कल कुणी करत नाही. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी चासी, मग वर्ष, मग बॉडीचा देश, आणि बॉडीवाल्याचं नाव सगळ्यात शेवटी, तेही मिळालं तर.

या गाड्या मुळात घडल्या कशा तेही बघू. पॅकार्ड, कॅडिलॅक, लिंकन, ड्युसेनबर्ग या कंपन्या पूर्ण गाडीबरोबर नुसती चासीही विकायच्या. ड्युसेनबर्गचं ‘जे’ (J) हे मॉडेल १९२८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला लोकांपुढे आलं, तेव्हा नुसत्या चासीची किंमत ८,५०० डॉलर होती. बॉडीचा खर्च वेगळा, आणि तो ग्राहक आणि बॉडीवाला आपसांत ठरवणार. युरोपातल्या धनिकांना अमेरिकन चासीचं आकर्षण साधं होतं. मोठं, शांत, न कुरकुरणारं इंजिन, आणि तेही तिथल्या त्याच तोडीच्या गाड्यांपेक्षा बरेचदा स्वस्तात. मग चासी बोटीने ल हाव्र, अँटवर्प किंवा साउदॅम्प्टनला उतरायची आणि पॅरिस, ब्रुसेल्स, लंडन, बर्न, तोरिनोच्या एखाद्या कारखान्यात जायची. ड्युसेनबर्गचा युरोपातला विक्रेता सादोविच पॅरिसमध्येच बसायचा, त्यामुळे फ्रॅने, फिगोनी, लेतूर्नर ए मार्शां अशा फ्रेंच घरांच्या बॉड्या ड्युसेनबर्गवर चढल्या. २०२२ साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरलेली गाडी म्हणजे १९३२ ची, फिगोनीची बॉडी असलेली ड्युसेनबर्गच.

आता मुद्द्याचं. बॉडीवाल्याकडे चासी यायची ती नुसते दोन गज आणि चार चाकं अशी नसायची. रेडिएटर, बॉनेट, फायरवॉल (इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधली पत्र्याची भिंत), तिच्यामागचा काउल (बॉनेट आणि दारं यांच्यामधला पट्टा), डॅशबोर्डवरची घड्याळं, स्टिअरिंग, पुष्कळदा पुढची मडगार्डंही बरोबर असायची. याचा अर्थ गाडीत एक जोड असतो. रेडिएटरपासून काउलपर्यंत डेट्रॉइट किंवा इंडियानापोलिस, आणि तिथून मागे पॅरिस किंवा बर्न. हा जोड सापडला की निम्मं काम झालं. अमेरिकन कारखान्याच्या बॉडीत बॉनेटची रेघ काउलवरून दारापर्यंत एका दमात जाते. परक्या बॉडीत ती काउलपाशी अडखळते, किंवा बॉडीवाल्याने तो अडखळा झाकायला तिथेच पट्टी, दुरंगी रंगाची हद्द नाहीतर उभ्या झरोक्यांची रांग आणलेली असते. फोटो बघताना माझी नजर आधी तिथे जाते.

जोडाच्या पुढच्या बाजूला काय वाचायचं? रेडिएटरचा आकार सगळ्यात बोलका. पॅकार्डचे ते दोन खांदे दशकानुदशकं टिकले. हब-कॅपच्या मधोमध षटकोन असेल तर तोही पॅकार्डचा. पिअर्स-अ‍ॅरोचे दिवे मडगार्डातून उगवल्यासारखे असतात, जरी वेगळे दिवे मागून घेणारे ग्राहकही होते. रेडिएटरवरच्या मूर्तीवर मात्र मी विश्वास ठेवत नाही. बगळा, ग्रेहाउंड, देवी, हे सगळं चार आट्यांवर बसतं आणि बाजारात सुटं मिळतं. बॉनेट उघडता येत असेल तर प्रश्नच मिटतो. ब्युइकचे व्हॉल्व्ह कायम वरच्या बाजूला, तर पॅकार्ड आणि हडसनचं सरळ आठ बाजूच्या व्हॉल्व्हचं. स्टुट्झच्या १९२६ नंतरच्या आठ सिलिंडरला वर एक कॅमशाफ्ट, ड्युसेनबर्ग ‘जे’ला दोन, आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. युद्धानंतरच्या कॅडिलॅकमध्ये तर एका नजरेत वर्षाची हद्द कळते: १९४८ पर्यंत बाजूच्या व्हॉल्व्हचं ३४६ घनइंची, १९४९ पासून वरच्या व्हॉल्व्हचं ३३१ घनइंची. पॅरिसच्या साउचिकने १९४८ च्या सिरीज ६२ वर जी बॉडी बांधली तिच्यात कॅडिलॅकचा चेहरा जवळजवळ शिल्लक नाही. तिथे इंजिन बघण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

गाडीच नसेल, फक्त ब्रिटनमधली नोंदणीची वही हाती असेल, तरी एक सुंदर युक्ती आहे. १९२१ पासून तिथे गाडीवरचा कर अश्वशक्तीवर होता, प्रत्येकी एक पौंड. १९३५ मध्ये तो १५ शिलिंगवर आला. ही अश्वशक्ती इंजिनाच्या खऱ्या ताकदीची नव्हे, सूत्राची. सिलिंडरच्या इंचांतल्या व्यासाचा वर्ग घ्यायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचा, २.५ ने भागायचा. म्हणजे वहीतल्या आकड्यावरून उलट हिशेब केला की सिलिंडरचा व्यास मिळतो, आणि व्यासावरून इंजिन. २८.८ लिहिलं असेल तर आठ सिलिंडर, तीन इंच: हडसन. ३० असेल तर फोर्ड व्ही-८, ३२.५ ला पॅकार्डचं ३२० घनइंची, ३७.८ ला ब्युइकचं ३२० घनइंची, आणि ४५ दिसलं तर जरा सावरून बसा, ते ड्युसेनबर्ग असू शकतं. ३९.२ ला मात्र सावध राहा: पॅकार्डचं ३८५ घनइंची आणि कॅडिलॅकचं ३४६ घनइंची, दोन्हींचा व्यास साडेतीन इंच, त्यामुळे आकडा तोच येतो. हे जुने नोंदणी-खातेवह्यांचे गठ्ठे ब्रिटनमधल्या बऱ्याच काउंटींच्या अभिलेखागारांत अजून आहेत.

ब्रिटनचा विषय निघालाच आहे तर हेही लक्षात ठेवा, की उजव्या स्टिअरिंगच्या पुष्कळ ‘अमेरिकन’ गाड्या प्रत्यक्षात कॅनडातून आलेल्या असतात. साम्राज्यातल्या मालाला आयात करात सवलत होती, म्हणून ब्युइक ओशावाहून मॅकलॉफ्लिन-ब्युइक या नावाने यायची. आठव्या एडवर्डची १९३६ ची ब्युइक अशीच कॅनेडियन. लंडनमध्ये ब्युइक आणि कॅडिलॅक विकणाऱ्या लेंड्रम अँड हार्टमनकडून चासी घेऊन ब्रिटिश बॉडीवाल्यांनी बांधलेल्या गाड्याही आहेत. तेव्हा अमेरिकेतल्या क्रमांकांच्या यादीत नंबर सापडला नाही म्हणून गाडी खोटी ठरवू नका, आधी कॅनडाची यादी बघा.

प्रत्यक्ष गाडी समोर असेल तर मी कॅमेऱ्याच्या आधी आटेमापक बाहेर काढतो. हे जरा तपशिलात सांगतो, कारण पुस्तकं यावर फारशी बोलत नाहीत. अमेरिकन चासीवरचे बारीक आटे एसएई या अमेरिकन मापाचे, कोन ६० अंश. ब्रिटिश बॉडीवाल्याकडचे बोल्ट व्हिटवर्थ घराण्यातले, कोन ५५ अंश. फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, जर्मनीत मिलिमीटर. आता ५/१६ इंची बोल्ट घ्या. एसएई बारीकमध्ये इंचाला २४ आटे, ब्रिटिश बारीकमध्ये २२. आणि ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे युरोपातला ८ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवला तर डोळ्याला तिन्ही सारखे. मापक लावलं की तिसऱ्याची चाल १.२५ मिलिमीटर निघते, इंचाला वीस आट्यांच्या किंचित वर. तीन देश एका मुठीत मावतात, आणि नुसत्या नजरेला एकही सांगता येत नाही.

पण सुटा बोल्ट पुरावा होत नाही. नव्वद वर्षांत कुणीतरी तो बदललेला असणारच, आणि बदलणाऱ्याने हाताला लागला तो बसवलेला असणार. बघायचं ते न बदलता येणारं: लाकडात ठोकलेले नट, बिजागरीच्या बिडात पाडलेले आटे, कुलपाच्या पेटीतली भोकं, टपाच्या लोखंडी कैचीचे सांधे. दाराच्या बिजागरीत ब्रिटिश आटे, आणि हातभर पुढे फायरवॉलवर एसएई, असं सापडलं की तो जोड तुमच्या बोटाखाली आहे. मग दिवे फ्रेंच मार्शालचे की ब्रिटिश लुकासचे, काच कुठली, स्पीडोमीटर मैलाचा की किलोमीटरचा, ही सगळी साथीची साक्ष. साक्षीदार बरे, पण फितूर होणारे. काच फुटते, दिवे चोरीला जातात.

नंबर आणि बिल्ल्यांबद्दल. बॉडीवाल्याचा बिल्ला साधारण दोन ठिकाणी असतो: दाराच्या उंबरठ्यावरच्या पट्टीवर, किंवा काउलच्या खालच्या कोपऱ्यात. बिल्ला नसेल तर बॉडी नंबर शोधा. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे, सीटच्या लाकडी चौकटीखाली, पायाखालच्या फळ्यांच्या उलट्या बाजूला, टपाच्या कमानींवर. बॉडी जुळवताना सुटे भाग गोंधळू नयेत म्हणून सुतार एकच आकडा सगळ्यांवर ठोकायचा किंवा पेन्सिलीने लिहायचा. तो आकडा चार ठिकाणी तोच निघाला तर बॉडी एकसंध आहे. दाराला एक आणि टपाला दुसरा निघाला तर दोन गाड्यांची एक झालेली आहे.

बिल्ल्यावरचं नाव तारीखही सांगतं, फक्त अक्षरं नीट वाचायला हवीत. टॉम हिबर्ड आणि हॉवर्ड डॅरिन हे दोघे अमेरिकन पॅरिसमध्ये ‘हिबर्ड अँड डॅरिन’ म्हणून १९२३ ते १९३१ होते. त्यानंतरच्या बिल्ल्यावर ‘फर्नांदेझ अँड डॅरिन’ येतं, आणि १९३७ मध्ये डॅरिन हॉलीवूडला परतला. ‘फिगोनी’ एकटा असेल तर आधीची बॉडी. ‘फिगोनी ए फालास्की’ हे नाव १९३५ पासूनचं. ‘पिनिन फारिना’ दोन शब्दांत असेल तर १९६१ च्या आधीची, एका शब्दात असेल तर नंतरची. ‘१९३० ची फिगोनी ए फालास्की’ अशी जाहिरात दिसली की मी पुढचं वाचत नाही.

आणि पॅकार्डवाल्यांसाठी एक खास भेट आहे. त्या काळातल्या बहुतेक पॅकार्डच्या फायरवॉलवर एक छोटी पाटी असते आणि तिच्यावर गाडी देणाऱ्या विक्रेत्याचं नाव, गाव आणि देण्याची तारीख ठोकलेली असते. चासी युरोपात नवी विकली गेली की अमेरिकेत विकून नंतर कधीतरी पाठवली गेली, हा वाद ती पाटी मिटवते. या एका पाटीसाठी मी कित्येकदा मालकांना फोन करून बॉनेट उघडायला लावलं आहे.

सापळे बरेच आहेत. सगळ्यात नेहमीचा कापडी बॉडीचा. लाकडी सांगाडा, त्याच्या सांध्यांत धातूच्या पट्ट्या ठेवून लाकडाला लाकूड घासू द्यायचं नाही, आणि वरून पत्र्याऐवजी कापड, ही वेमानची पद्धत. ती युरोपात फोफावली म्हणून कापडी बॉडी दिसली की लोक ‘पॅरिस’ म्हणतात. पण वेमानचा कारखाना इंडियानापोलिसमध्येही होता आणि स्टुट्झने त्याच्या बॉड्या मोंटे कार्लो, व्हर्साय अशा नावांनी विकल्या. नाव फ्रेंच, काम इंडियानाचं. आता गंमत बघा: लंडनच्या लान्सफिल्डने १९२९ च्या स्टुट्झ मॉडेल एमवर बांधलेली कापडी कूपेसुद्धा आहे. दोन्ही स्टुट्झ, दोन्ही कापडी, एक खरी युरोपियन, एक नाही. फरक नजरेने नाही, बिजागरीच्या आट्यांनी आणि उंबरठ्याच्या पट्टीने कळतो.

दुसरा सापळा उलट नकलेचा. हार्ली अर्लने जनरल मोटर्ससाठी १९२७ च्या ला सालचं रूप हिस्पानो-सुइझा या युरोपियन गाडीवरून उघडउघड घेतलं, आणि मॅसॅच्युसेट्सच्या वॉटरहाउसने बेल्जियन धर्तीची कन्व्हर्टिबल व्हिक्टोरिया अमेरिकेत रुजवली. तेव्हा ‘दिसते युरोपियन’ या वाक्याला माझ्या लेखी शून्य किंमत. तिसरा सापळा जुळणीच्या कारखान्यांचा. जनरल मोटर्स कोपनहेगनला, अँटवर्पला, १९३६ पासून स्वित्झर्लंडमध्ये बीलला गाड्या जुळवायची. मुंबईत शिवडीलाही १९२८ पासून जुळवायची. त्या कारखान्याची पाटी म्हणजे खास बॉडी नव्हे. क्रायस्लर तर लंडनजवळच्या क्यूमध्ये जुळवलेली प्लिमथ ‘क्रायस्लर क्यू’ आणि ‘क्रायस्लर विम्बल्डन’ या नावांनी विकायची, आणि आजही कुणीतरी ती दुर्मिळ ब्रिटिश मॉडेल म्हणून मांडतोच.

रेल्टन, ब्रो सुपिरिअर यांचं काय, असा प्रश्न येईल. हडसनची चासी-इंजिन आणि ब्रिटिश बॉडी, पण विकली स्वतःच्या नावाने. त्यांना मी या यादीत धरत नाही, आणि फासेल व्हेगा, जेन्सन, इझो यांना तर नाहीच. त्यांची फक्त इंजिनं अमेरिकन. युद्धानंतरच्या इटालियन बॉड्यांवरही फार वेळ घालवत नाही, कारण त्यांचे कागद बहुतेक शाबूत आहेत. मिलानच्या टुरिंगने बांधलेल्या हडसन इटालिया नमुन्यासकट २६, स्कालिएत्तीच्या कॉर्व्हेट तीन, तोरिनोला बांधलेली १९५९-६० ची कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूम दोन वर्षांत मिळून २००. यातली एखादी सापडली तर ओळखणं सोपं, परवडणं अवघड.

खरी डोकेदुखी आहे ती बदललेल्या बॉड्यांची. यात दोन प्रकार वेगळे ठेवा. एक त्या काळातच बदललेली: मालकाला १९२९ ची बॉडी १९३४ मध्ये जुनाट वाटली, चासी उत्तम होती, त्याने नवी बॉडी चढवली. हा गाडीचा प्रामाणिक इतिहास आहे. दुसरा प्रकार म्हणजे खऱ्या सेडानची बॉडी उतरवून अलीकडे केलेली देखणी उघडी बॉडी आणि तिच्यावर मोठं नाव. ओळखायला बारीकसारीक खुणा असतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू मोटारींत पहिल्यांदा आला तो १९३६ च्या कॅडिलॅकमध्ये. १९३१ च्या बॉडीच्या आतल्या, कधी न उघडलेल्या भागात तो दिसला तर प्रश्न विचारायलाच हवा. सीटच्या कापडाला खिळ्यांऐवजी स्टेपल, पत्र्याच्या सांध्यात गॅस वेल्डिंगऐवजी अलीकडच्या वेल्डिंगची सरळ ओळ, सांगाड्यात प्लायवुड. आणि आपल्याकडच्या गाड्यांत अ‍ॅशच्या लाकडाऐवजी सागवान निघालं, तर ती बॉडी, किंवा निदान तो तुकडा, इथल्याच सुताराच्या हातचा असण्याची शक्यता मोठी. सागवान निघालं म्हणून गाडी कमी प्रतीची ठरत नाही. फक्त ‘पॅरिस’ लिहायचं नाही.

आपल्याकडचा विषय निघाला तर इंदूरची गाडी सोडून चालणार नाही. यशवंतराव होळकर दुसरे यांनी सुपरचार्जर लावलेली ड्युसेनबर्ग एसजे घेतली आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून करवली, आराखडा ए. एफ. मॅकनीलचा. लांबलचक बॉनेट, नारिंगी आणि काळा रंग. ती आज अनोळखी नाही, पण शिकण्यासाठी उत्तम: पुढचा निम्मा भाग शुद्ध ड्युसेनबर्ग, आणि काउलच्या मागे अस्सल लंडन. ओरछाच्या महाराजांची १९३१ ची सोळा सिलिंडरची कॅडिलॅक दुसरं उदाहरण. ४५२ घनइंची इंजिन, आणि नावेच्या शेपटीसारखी निमुळती बॉडी पिनिन फारिनाची, ज्याचा स्वतःचा कारखाना जेमतेम १९३० मध्ये सुरू झाला होता. संस्थानी अल्बम चाळताना अशा गाड्या अजून निघू शकतात, म्हणून फोटोमागे लिहिलेलं गाव आणि साल कापून टाकू नका, स्कॅन करताना मागची बाजूही करा.

आता तुमचे दोन फोटो.

तिरक्या फोटोत रेडिएटरचे दोन खांदे स्पष्ट आहेत आणि हब-कॅपवर षटकोन दिसतो. पॅकार्ड, वाद नाही. पुढच्या चाकांच्या मधे आडवा अखंड धुरा दिसत नाही, म्हणजे पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. ते पॅकार्डने १९३५ मध्ये १२० या मॉडेलला आणि १९३७ मध्ये थोरल्या गाड्यांना दिलं. बाजूच्या फोटोवर मी पट्टी लावली. चाक १६ इंची, रिमची कड धरून साडेसतरा इंच मानलं, आणि दोन चाकांच्या केंद्रांमधलं अंतर रिमच्या सव्वासात पट भरलं. गुणाकार सुमारे १२७ इंच. फोटो अगदी काटकोनात नसल्याने इंच-दीड इंच इकडेतिकडे धरा, पण १९३५ ते १९३७ च्या १२० चा व्हीलबेस, म्हणजे हेच अंतर, १२० इंच, तो यात बसत नाही. १२७ बसतो तो १९३८ पासूनच्या पॅकार्ड एटला. ड्युसेनबर्ग म्हणणाऱ्यांना सांगा की त्यांची आखूडातली आखूड नेहमीची चासी १४२.५ इंचांची, ती इथे फोटोबाहेर गेली असती.

गाडीच्या नंबरच्या पाटीवर ‘बी-ई’ आणि पुढे आकडे आहेत. स्वित्झर्लंडमध्ये १९३३ पासून पाटीच्या सुरुवातीला कँटनची (तिथल्या प्रांताची) अक्षरं येतात आणि ही बर्न कँटनची. मात्र पाटी मालकाचा पत्ता सांगते, बॉडीवाल्याचा नाही. बॉडी युरोपियन आहे हे टपावरून कळतं: मिटलेला टप मागे जाड गठ्ठा होऊन बसला आहे आणि बाजूला लोखंडी कैची बाहेरून दिसते, म्हणजे आतून अस्तर आणि मधे भरण असलेला टप. अमेरिकन कन्व्हर्टिबलचा टप एकपदरी, मिटला की जवळजवळ दिसेनासा होणारा. दार मागच्या बाजूला बिजागरीवर आहे, फूटबोर्ड नाही, आणि काउलपाशी तो अडखळा नीट दिसतो: बॉनेटची पट्टी संपते तिथून बॉडीची पट्टी दोन बोटं खाली सुरू होते.

नाव विचाराल तर पहिला संशय विख्त्राखच्या हेर्मान ग्राबरवर. त्याने पॅकार्डवर अशा उघड्या बॉड्या बांधल्या आहेत आणि ड्युसेनबर्गवरही एक. पण लांगेनथाल आणि वोर्बलाउफेन हे दोन्ही बॉडीवालेही त्याच बर्न कँटनमधले आणि त्याच वळणाचं काम करणारे, त्यामुळे आज मी कागदावर एवढंच लिहीन: पॅकार्ड एट, १९३८ किंवा किंचित नंतरची, स्विस बॉडी, बर्न परिसर, ग्राबरची असण्याची शक्यता जास्त. कुणी याहून ठाम नाव दिलं तर त्याला कशावरून ते विचारा.

पुढे जायचं असेल तर दोन गोष्टी करा. बाजूच्या फोटोची निगेटिव्ह असेल तर ती शोधा, आणि पुढच्या मडगार्डच्या मागचा, दाराच्या खालच्या कोपऱ्याजवळचा भाग मोठ्यात मोठ्या रिझोल्यूशनने स्कॅन करून पाठवा. माझ्याकडच्या प्रतीत तिथे एक पांढरा ठिपका आहे, तो बिल्ला असू शकतो किंवा नुसता चिखल. आणि पाटीचे पूर्ण आकडे वाचता आले तर ते बर्नच्या वाहन नोंदणी कार्यालयाला लिहून विचारा, सोबत त्या गृहस्थांचं नाव आणि तिथे राहण्याची वर्षं द्या. गाडी त्यांच्याच नावावर होती, की ते फक्त शेजारी उभे राहिले, हेही त्यातूनच कळेल.